आधी आकडा, मग सूट

रोह्यात सूट मागणारी माणसं पुष्कळ. पण सूट नेमकी कधी मागावी हे कळलेला माणूस एकच, माझे आतोबा. आत्याचे यजमान. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, आतोबा पत्त्यांना लागले. तेही आपले नेहमीचे पत्ते नव्हेत. सिंगापूरला असणारा त्यांचा पुतण्या एका लग्नाला आला आणि राक्षस, जादूगार, आगीचे लोळ अशी चित्रं असलेल्या पानांची एक पेटी विसरून गेला. आतोबांनी डिक्शनरी घेऊन तिचे नियम वाचून काढले, दुधाच्या पिशव्या धुऊन-कापून प्रत्येक पानाला अंगरखा शिवला, आणि दर रविवारी मला पेणहून बोलावू लागले. मीही पॅसेंजर पकडून जायचो. हात साबणानं धुतल्याशिवाय पानाला शिवायचं नाही. पापड खाल्लेल्यानं तर खोलीतच यायचं नाही.

पानांना नावं त्यांनीच ठेवली होती. जमिनीचं पान म्हणजे खाजण. खाजणं जितकी, तितका खर्च करता येई. आगीचं पान म्हणजे वणवा. त्याची किंमत एक खाजण, वर तुम्ही बोलाल तो आकडा. आकडा जेवढा, तेवढ्या जखमा समोरच्याला. आणि दाढीवाला जादूगार म्हणजे भगत, तो पटावर असला की वणव्याला दोन खाजणांची सूट. एकदा माझ्याकडे पाच खाजणं होती, भगत होता, तरी मी चाराचाच वणवा टाकला. आतोबा कळवळले. "अरे, आधी आकडा बोल! सहा बोल. सहा नि एक सात, सातातून सूट दोन, राह्यले पाच. तेवढी हायत ना तुझ्याकडं? मग चारावर कशाला रडतोस?" आणखी एक पान होतं, दान. ते टाकलं की पुढचं पान फुकट. मी हावरटासारखं विचारलं, "मग वणवा शंभराचा टाकू?" "नाय. फुकटात आकडा शून्य. काही मोजलंच नाय, तर आकडा येणार कुठून?"

हा नियम ते संसारातही चालवत. एका वर्षी गणपतीची मूर्ती सांगायला जोह्याच्या कारखान्यात गेले. दरवर्षी आधी ओळख काढून मग परवडेल तेवढी मूर्ती घेत. त्या वर्षी आधी तीन फूट बोलले, मग ओळख काढून सूट मागितली. मूर्ती घरी आली ती देवघराच्या अरुंद दारात अडली. आत्या म्हणाली, "आता मखर काय अंगणात घालू? की भिंत पाडताय?"

दोनेक वर्षांनी पुतण्या पेटी न्यायला आला. आतोबांचा चेहराच उतरला. ते पाहून तो म्हणाला, "काका, एक डाव खेळू. जिंकलात तर पेटी तुमची." पंच मी. डाव रंगला, आणि शेवटी आतोबांची खाजणं संपली. पुतण्या हरायला आणखी चारच जखमा पुरे होत्या. आतोबांनी हातातली दोन पानं उताणी ठेवली आणि म्हणाले, "संपलं." पुतण्या ओरडला, "दान आणि वणवा! अहो, जिंकलात की! फुकटात कितीचाही टाका. काय हो पंच?"

इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही, आज लिहून टाकतो. मी म्हणालो, "हो. कितीचाही."

आतोबा माझ्याकडे बघतच राहिले. "असं शिकवलं मी तुला?" मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "शून्याचा. तो चुकला. ने पेटी." पुतण्यानं "राहू द्या हो काका" म्हणून पाहिलं, पण संध्याकाळी आतोबांनीच ती दोरीनं बांधून त्याच्या हातात दिली, अंगरख्यांसकट.

पुढच्या रविवारी मी सवयीनं गेलो. मधलं टेबल रिकामं. आत्याचा चहा झाला. मग आतोबांनी विचारलं, "तू पेणला नेमकं करतोस काय रे?" मी सगळं सांगितलं, नोकरीचं, घरचं. त्यांनी मान हलवत नीट ऐकलं. पण त्यानंतर माझं जाणं कमी होत गेलं. कधी काम, कधी कंटाळा. मी त्या पानांसाठीच येत होतो, असंच त्यांना वाटलं असेल. तसं नव्हतं. हे त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.