भुऱ्याची सकाळची सुई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्याला असलेल्या मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हा त्यालाही नाही — तिथे तर मी पटकन विषय बदलतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय. ज्या बाईला हे सांगायला हवं ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे, आणि मी दार लोटून परक्या माणसापाशी मन मोकळं करतो आहे. यावरून मी कसा माणूस आहे ते थोडं कळेलच.

गोष्ट एका बोक्याची आहे. हसू आलं तर हसा. मीही हसायचो — खरं तर सगळं तिथूनच सुरू झालं.

माझी बायको मंगल साक्रीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती. राहायला आम्ही धुळ्यात. तेहतीस वर्षं ती सकाळी सहाच्या बसने जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो, तिच्या दोन वर्षं आधी निवृत्त झालो. मंगलच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. सुई कधी टोचली ते लेकराला कळायचं नाही. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया दुसरी नर्स रिकामी बसलेली असली तरी मंगलसाठी थांबून राहायच्या. आमच्या गल्लीतही तेच. कुणाला डॉक्टरने इंजेक्शन लिहून दिलं की तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसे. ही बसमधून उतरली की पाय धुऊन आधी त्याला सुई द्यायची, मग चहाचं बघायची.

भुऱ्याला तिनेच आणलं. केंद्राच्या स्टोअरमध्ये एक मांजरी व्याली आणि कुठेतरी निघून गेली. मागे राहिलेलं एक पिल्लू ही लसीच्या रिकाम्या डब्यात घालून बसने घरी घेऊन आली. मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. घर गप्प झालं होतं, ते पुन्हा बोलू लागलं. हो, मला आवडायचा तो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला वाटायला नको की माझा त्याच्यावर राग होता.

नऊ वर्षांचा झाल्यावर तो वाळत चालला. भरपूर खायचा आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा. धुळ्यातले जनावरांचे डॉक्टर गायी-म्हशींचे. त्यांनी जळगावच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. झाकणाच्या टोपलीत घालून आम्ही त्याला एसटीने नेलं. डॉक्टर म्हणाले, याला साखर झाली आहे. माणसांचंच इन्सुलिन, दिवसातून दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, आधी खायला घालून मग सुई. एका युनिटपासून सुरुवात. आपल्या मनाने डोस बदलायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात असं ठरलं. संध्याकाळची सुई मंगलची. सकाळी ती बसमध्ये असणार, म्हणून सकाळची माझी. तिने मला कच्च्या बटाट्यावर शिकवलं. बाटली हलवायची नाही, तळहातात हळू फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची. दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची — सकाळची निळी, संध्याकाळची लाल. संध्याकाळी सुईच्या आधी ती त्याच्या कानाच्या कडेला बारीक टोचून मशीनवर साखर बघायची आणि आकडा लाल खुणेशेजारी लिहायची. केंद्रातल्या रजिस्टरसारखं चोख काम. तिला दुसरं येतच नव्हतं.

आता इथे मी लिहिणार होतो की मला सुईची भीती वाटायची. मागच्या तीन कागदांवर तसंच लिहिलं आणि फाडलं. भीती पहिले तीन दिवस वाटली. त्याने एकदा ओरबाडलं, थोडं रक्त आलं. चौथ्या दिवशी हात बसला. मला चांगली जमत होती सुई.

मग काय झालं?

पांझरेच्या काठी आम्ही पाच-सहा जण सकाळी फिरायला जातो. सात वाजता टपरीवर चहा. खानदेशातला उन्हाळा, आठनंतर उन्हात पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे चुकला तो मुकला. मी आठवडाभर उशिरा पोचलो, त्यांनी कारण विचारलं, आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. मग काय, दिवाळीच. आमच्यातले एक नाना म्हणाले, "मांजरले शुगर व्हयनी? आते त्याले बी सकायमा फिराले आना." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्यांच्यापेक्षा जरा मोठ्याने हसलो. दुसऱ्या दिवशी भुऱ्या वाटीशी रेंगाळला. दोन घास खायचा, अंग चाटायचा, पुन्हा दोन घास. मी सुई भरून उभा. सात वाजून गेले. तो पलंगाखाली गेला. मी वाकून दोन हाका मारल्या, आणि मग — सुई बेसिनमध्ये रिकामी केली. नळ सोडला. कॅलेंडरवर निळी खूण केली आणि चप्पल घातली.

भीती नाही, आजार नाही, अडचण नाही. चहासाठी, आणि कुणी हसू नये म्हणून. लिहिलं एकदाचं.

एकच दिवस, असं म्हणालो होतो मनाशी. एवढ्याशा एका सुईने काय होतंय? दुसऱ्या दिवशी दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बेसिन. मग तेच सोपं होऊन बसलं. मंगल नर्स होती, बाटलीतलं औषध किती उतरलं हे तिच्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणून रोज सुई नीट मोजून भरायचो आणि ओतून द्यायचो. वापरलेली सुई डब्यात. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या घरात ते काम मी करत होतो, मांजर नव्हे.

दोन महिन्यांहून जास्त हे चाललं. तेवढ्या दिवसांत रविवार सोडून मी सकाळची सुई किती वेळा दिली असेल? आधी लिहिलं होतं निम्मे दिवस. तेही खोटं. पहिला आठवडा सोडला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. रविवारी मंगल घरी असायची, तेव्हा ती स्वतः द्यायची. म्हणून रविवारी संध्याकाळी साखर जरा उतरलेली दिसायची. ती म्हणायची, मी घरी असते म्हणून गडी खूश असतो. आणि त्याच्या कपाळावरून बोट फिरवायची.

बाकी दिवस आकडा वरच. जळगावला फोन झाले, दोन खेपा झाल्या. डॉक्टरांनी कॅलेंडरचा फोटो बघितला, एकही खाडा नाही म्हणून मंगलचं कौतुक केलं, आणि डोस वाढवला. एकाचे दोन, दोनाचे तीन. मी काय केलं माहीत आहे? मी म्हणालो, लाईट सारखी जाते, फ्रिजमधलं औषध खराब झालं असेल. तिला ते पटलं. उन्हातून जाऊन तिने नवी बाटली आणली, ओल्या रुमालात गुंडाळून. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीनाचे चार झाले.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मंगल निवृत्त झाली. केंद्रात साडी-नारळ झालं. एका पाड्यावरची म्हातारी आपल्या नातवाला घेऊन आली होती; लहानपणी मंगलने सुया दिलेल्या त्या पोराला आता मिशा फुटल्या होत्या. सगळ्यांसमोर तिने मंगलचा उजवा हात धरून कपाळाला लावला. घरी येताना बसमध्ये मंगल त्या हाताकडेच बघत होती. म्हणाली, आता दोन्ही वेळच्या सुया मी देणार, तुमची सुटका. मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. चला, कुणाला कळायच्या आत मिटलं — एवढंच आलं डोक्यात. चार युनिट दोन्ही वेळेला त्याच्या अंगात खरोखर जाणार, हे आलं नाही. आलं असेल तर मी बाजूला सारलं असेल. नक्की सांगता येत नाही.

रविवारी सकाळी तिने चार युनिट दिले. संध्याकाळी कान टोचला आणि मशीनकडे बघत राहिली. इतका खाली आकडा कधीच आला नव्हता. आनंद झाला तिला, पण तेहतीस वर्षांची नर्स होती ती. सुई भरून थांबली.

"एवढी कशी उतरनी आज? सकायनी सुई तुम्ही रोज देतस ना?"

मी हातात कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ती रागावून विचारत नव्हती. संशयसुद्धा नव्हता. नुसती खात्री करत होती, केंद्रात डोस देण्याआधी दुसऱ्या नर्सला विचारतात तशी. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. ती चिडली असती, चार दिवस बोलली नसती, मुलीला फोन करून सांगितलं असतं. झालं असतं ना एवढंच?

"रोज देस. लागू पडनं व्हई औषध."

तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि सुई दिली. भुऱ्याला कळलीसुद्धा नाही. लाल खूण करून ती माझ्या चहात साखर जास्त झाली का विचारू लागली.

सोमवारी उजाडता उजाडता तो मोरीपाशी सापडला. पाय झटकत होता, दातखीळ बसली होती. मंगलने एका नजरेत ओळखलं. तिने त्याच्या हिरड्यांना मध चोळला, साखरेचं पाणी बोटाने आत घालत राहिली, मला रिक्षा आणायला पाठवलं. मी धावलो — हो, त्या दिवशी मी धावलो. परत आलो तेव्हा तो तिच्या मांडीवर होता आणि ती त्याच्या तोंडावरचा मध ओल्या फडक्याने पुसत होती.

डॉक्टर फोनवर म्हणाले, मांजरांत कधी कधी साखर आपोआप बरी होते, मग तोच डोस जास्त होतो. आकडा बघून तुम्ही आधी मला फोन करायला हवा होता. ते बिचारे त्यांना दिसलं ते बोलले. मी मनात सुटकेचा श्वास सोडला. माझ्यासाठी एक आयतं कारण तयार झालं होतं, आणि सगळी चूक तिच्या पदरात पडली होती.

मग तिने काय केलं ते सांगतो. त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. तिने कॅलेंडर खाली काढलं आणि एकेक खूण तपासली. निळ्या सगळ्या बरोबर. लाल सगळ्या बरोबर. म्हणजे मोजण्यात चूक झाली, म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती दुपारी जेवण झाल्यावर सुईत पाणी भरायची — चार रेघा — आणि उजेडात धरून बघायची. पुन्हा रिकामी, पुन्हा चार. डोळे तपासून आली. डोळे ठीक आहेत म्हणाले, तरी चष्मा बदलला. मी समोर पेपर धरून बसलेला असायचो. कधी म्हणायचो, जाऊ दे, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. कोणत्या तोंडाने म्हणायचो, देव जाणे.

ओट्यावर माणसं येत राहिली. तिने सगळ्यांना परत पाठवलं. टपरीवरचे ते नाना एकदा गुडघ्याचं इंजेक्शन घेऊन आले, तेव्हा दारातच म्हणाली, "मन्हा हातले आते गुण राहिना नही, नाना." नाना माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना चहा घेता का विचारलं.

भुऱ्याला दिली ती तिची शेवटची सुई. त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही. जिचा हात म्हातारीने कपाळाला लावला, तिला त्याच हाताची भीती वाटते, आणि त्याला तीन वर्षं झाली.

मागच्या हिवाळ्यात मंगललाच साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, इन्सुलिन सुरू झालं. ती स्वतःला टोचून घेत नाही. म्हणून मी देतो, दोन्ही वेळा. सकाळी सातला टपरीवर मी जात नाही. एक दिवस चुकवलेला नाही, आणि हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाहीये. भुऱ्यालाही एवढंच द्यायचं होतं, एवढाच वेळ लागला असता.

मी किती भरतो ते ती कधी बघत नाही. बाही वर करते, दंड पुढे करते आणि खिडकीकडे तोंड फिरवते. आज सकाळी सुई काढल्यावर तिने ती जागा चोळली आणि म्हणाली,

"कळनी बी नही. तुमना हातले गुण शे."

मी सुईला टोपण लावलं आणि कॅलेंडरवर खूण केली.