नेरीहून फोन आला की

जिनिंगमध्ये रुईची धूळ जशी कानाकोपऱ्यात साचते, तसे किस्से साचतात. झाडायला गेलं की नाकात जातात. पहूरजवळची ही कापसाची जिनिंग माझी. शाळा मी पाहिली नाही, पोराच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले आणि कुणापुढं मान खाली घातली नाही. फक्त जळगावहून आग-तपासणीचे साहेब आले की घालावी लागते. लोक हे किस्से ऐकून हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

*

पहिल्याच फेरीत साहेबांनी वाळूच्या लाल बादल्या पाहिल्या. एकीत कोथिंबीर उगवलेली, बाकीच्या रिकाम्या.

"वाळू कुठाय?"

आमचे मुकादम नाना म्हणाले, "तुळशीचा ओटा बांधला साहेब. देवाच्याच कामी लागली."

*

आग विझवायचे सिलेंडर माझ्या लेकानं कपाटात कुलूपबंद ठेवलेले. चोरीला जातात म्हणून. किल्ली लेकाच्या खिशात, लेक जळगावात.

"आणि आग लागली तर?"

"फोन केला की निघतो," नाना म्हणाले. "गाडी जोरात चालवतो तो."

*

मग साहेबांनी मॉक ड्रिल घेतली. भोंगा वाजला. साऱ्या बाया रांगेनं, ढकलाढकली न करता अंगणात आल्या. साहेब खूश. वळून पाहतात तो सगळ्या निंबाखाली बसून भाकरी सोडतायत. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा तोच!

*

खरी लाज पुढंच आहे. कापूस निवडणाऱ्या बाया मागच्या खोलीत बसतात. तिथल्या दाराला कायम रुईच्या मणामणाच्या गाठी रचलेल्या. दुसरीकडं जागा नाही, नाना म्हणे. मी शिव्या घातल्या की हलायच्या, पुन्हा तिथंच. पण साहेबांची जीप जळगावच्या वाटेवर नेरीला दिसली की तिथला चहावाला नानांना फोन करी. जीप पोचेस्तोवर दार मोकळं.

साहेब दरवेळी म्हणत, "अक्का, दार छान मोकळं ठेवता हं."

आणि मी, एवढी तोंडाची फटकळ बाई, त्यांना मुकाट चहा ओतायची.

*

यंदा ऐन हंगामात नेरीहून फोन आला. गाठी सरकल्या. साहेब काही आले नाहीत. चहावाल्यानं पाहिलेली जीप लग्नाच्या वऱ्हाडाची निघाली. नाना त्याला फोनवर झापत होते, तेवढ्यात पुढच्या मशीनमधून ठिणगी उडाली आणि कापसानं पेट घेतला. पुढची वाट धुरानं बंद. बाया मागच्या दारानं निघाल्या. सगळ्या.

दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला आले. जळक्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्या दारात येऊन उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे.

"अक्का, या दारानं जीव वाचवले. रोज असंच मोकळं असतं ना?"

नाना स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. माझा लेक मोबाईलकडे. मी चहाची किटली उचलली.

राधाबाई, निवडणाऱ्यांतली थोरली, पदरानं तोंडावरची काजळी पुसत म्हणाली,

"साहेब, तुम्ही रोजच येत जा ना."