देवीच्या पायाशी ठेवलेली चावी

असं काही लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो आणि वाचणाऱ्यांची माफी मागतो. असे अनुभव लिहिणारी माणसं वयानं आणि साधनेनं मोठी असतात. मी जालन्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोजची पूजासुद्धा माझ्या हातून नीट होत नाही. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे येतं. आई म्हणाली, "जसं झालं तसं लिव्ह. वाढवू नको." म्हणून जसं झालं तसंच लिहितो.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईपासून जवळ. गावातली शाळा सातवीला संपते. पुढं शिकायचं तर भोकरदनला जावं लागतं, आणि मुलींचं शिक्षण नेमकं तिथंच थांबायचं. माझी आई शेतात मजुरीला जायची. तिनं चाळिशीच्या आसपास गाडी चालवायला शिकून एक जुनी व्हॅन घेतली आणि मुलींना शाळेत नेऊ-आणू लागली. सुरुवातीला ती गल्लीतून निघाली की पारावरून कुणीतरी ओरडायचं, "बाई गाडी चालवून राह्यली, ढोरं बांधून घ्या रे!" आई काच खाली करून सांगायची, "ढोरं बाजूला होतेत, भाऊ. तुम्हीच व्हा." मुलींचे वडील एका अटीवर तयार झाले होते. आई स्वतः नेणार असेल आणि दारात आणून सोडणार असेल तरच मुलगी शाळेत जाईल. आईनं तसा शब्द दिला होता. त्या शब्दावर सहा मुली आठवीत गेल्या आणि दहावीपर्यंत पोचल्या.

गोष्ट गेल्या वर्षीची, त्यांच्या बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवसाची आहे. मी सुट्टीवर घरी आलो होतो. आईनं सहाही मुलींना रेणुकामातेच्या दर्शनाला नेलं, मीही बरोबर होतो. शुक्रवार असल्यानं बायकांची गर्दी होती. आईनं देवीची ओटी भरली आणि प्रत्येक महत्त्वाच्या दिवसाआधी करते तसं व्हॅनची चावी ओटीवर ठेवून हात जोडले. गुरवकाकांनी ओटी आत घेतली. मागून रेटा आला, मुली एकेक करून पाया पडल्या, आम्ही प्रदक्षिणा घालून परत आलो. चावी मागितली तेव्हा गुरवकाका गोंधळले. पायाशी ओट्यांचा ढीग होता, चावी नव्हती.

मंदिरात जेवढं शोधता येईल तेवढं आम्ही शोधलं. निर्माल्याची टोपली पालथी केली, अभिषेकाचं पाणी जाणारी मोरी हातानं चाचपली. आमची गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, तिची एकच चावी मिळाली होती. भोकरदनच्या चावीवाल्याला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "चावीचं डोकं जाड प्लास्टिकचं हाय का?" आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग माझ्याकडं न्हाई होत. चिपवाली हाय ती. जालन्याहून मशीनवाला बोलवा, परवापर्यंत येईल."

तोवर चावी म्हणजे चावी एवढंच मला माहीत होतं. मोटरसायकलची किंवा जुन्या जीपची चावी नुसती लोखंडाची असते, दाते जुळले की काम झालं, कानस मारून कुणीही करून देतो. चिपच्या चावीत मात्र प्लास्टिकच्या आत एक बारीकसा तुकडा असतो आणि गाडी त्याला ओळखते. हुबेहूब दाते कापून आणले तर दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही. त्यापुढं बटण दाबून दार उघडणाऱ्या चाव्या आल्या. काही तर खिशातून काढाव्याही लागत नाहीत. हे सगळं मी मंदिराच्या पायरीवर बसून मोबाईलवर वाचलं. वाचून फायदा काहीच झाला नाही, फक्त आमचं काम किती अवघड आहे ते कळलं.

तेवढ्यात सहा मुलींतल्या सोनालीचे वडील, किसनमामा, मोटरसायकलवर आले. त्यांना गावात बातमी लागली होती. "मी म्हणलंच होतं," ते गाडीवरून न उतरताच बोलले. "रोजचं ठीक हाय, पण वक्ताला बाईची गाडी उभीच ऱ्हाणार. सोने, चल, बस मागं. उद्या मी नेतो तुला. बाकीच्यांचं ज्याचं त्यानं बघावं. आणि धाकटीचं आठवीचं आता इसरा."

म्हणजे प्रश्न उद्याच्या पेपरपुरता नव्हता. पेपरला मुलींना कुणीही नेलं असतं. पण आईचा शब्द एकदा मोडला की मागून येणाऱ्या मुलींची शाळा सातवीलाच संपणार होती. आई शांतपणे म्हणाली, "किसनभाऊ, उद्या सकाळी गाडी तुमच्या दारात येईल. सोनीला न्या, पण उद्या तिला मोटरसायकलवर बसवू नका. वाट बघा." किसनमामा मान हलवत सोनालीला घेऊन गेले. आई देवीसमोर जाऊन बसली. मला तिचा थोडा रागच आला. मी म्हणालो, "आई, मागून चावी मिळत नसती." ती डोळे न उघडता म्हणाली, "मी मागून न्हाई राह्यले. सांगून राह्यले."

मी बाहेर आलो. दार उघडत नव्हतं आणि मुलींची दप्तरं, हॉलतिकिटं आत होती. एक काच फोडावी म्हणून मी दगड उचलला. मागून आवाज आला, "अरे भाई, काच नका फोडू. काच महाग, चावी सस्ती." नारळाच्या दुकानाशेजारी चहा पीत एक माणूस उभा होता. त्याचं नाव इलियासभाई, जालन्याचा चावीवाला. भोकरदनमधल्या एका गाडीमालकानं चावी हरवली म्हणून त्याला बोलावलं होतं. इलियासभाई मशीन घेऊन पोचले आणि त्या मालकाला चावी त्याच्याच धुवायला टाकलेल्या पँटीत सापडली. "फुकट चक्कर झाली," ते म्हणाले. "डोकं गरम झाल्तं. म्हणलं इकडं एक नातेवाईक हाय, भेटून जाऊ. तो पण घरी न्हाई. म्हणून चहाला थांबलो." मी दगड खाली ठेवला आणि त्यांना व्हॅनपाशी घेऊन आलो.

त्यांनी गुरवकाकांसमोर दार उघडलं आणि चावीचं काम सुरू करण्याआधी गाडीचे कागद मागितले. "गाडी कुणाच्या नावावर?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. आई म्हणाली, "माझ्या." इलियासभाईंनी कागद वाचला, मग आईकडे बघितलं आणि म्हणाले, "बराबर हाय, मौशी." तेवढ्या शब्दांनी माझा ऊर भरून आला. त्यांनी दाराचं कुलूप काढून त्यावरून दाते कापले, स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली. उरलेल्या पाच मुली पायरीवर मराठीची पुस्तकं उघडून बसल्या होत्या, पण पानं कुणीच उलटत नव्हतं. "जल्दी न्हाई, मौशी," इलियासभाई म्हणत होते, "मशीनला पण दम लागतो."

मध्येच त्यांनी विचारलं, "जुनी चावी गाडीच्या यादीतून पुसून टाकू का? कुणाला सापडली तरी मंग गाडी चालू होणार न्हाई." मी लगेच हो म्हणालो. शहाणपण त्यातच होतं. पण आईनं त्यांचा हात धरला. "पुसू नका. देवीच्या पायाशी ठेवलेली हाय ती. तिची तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या." इलियासभाई हसले, "गाडी तुमची, चावी तुमची, देवी पण तुमची. मी कोण?" संध्याकाळच्या आरतीची घंटा सुरू झाली आणि त्याच वेळी इंजिन चालू झालं. ह्यात चमत्कार आहे असा माझा दावा नाही. आरती रोज त्याच वेळी होते. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन सर्वात आधी किसनमामांच्या दारात उभी राहिली. आईनं हॉर्न वाजवला नाही, नुसती थांबली. किसनमामा बाहेर आले, सोनालीचा डबा स्वतः आत ठेवला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "सावकाश चालवा, वहिनी." सहाही मुली पास झाल्या. सोनालीची धाकटी बहीण आता आठवीत आहे आणि आईच्या शेजारच्या सीटवर बसायचा मान तिचा आहे. कॉलेजात कुणी विचारलं, आई काय करते, तर मी पूर्वी "शेतात" म्हणायचो. आता "गाडी चालवते" म्हणतो, आणि थोडं मोठ्यानंच म्हणतो.

मी ह्यातून काय शिकलो ते नेमकं सांगता येत नाही. इतकं मात्र वाटतं की माझ्या भक्तीचे दाते कदाचित बरोबर कापलेले असतील, पण आतून ओळख पटावी लागते, ती आईची पटलेली होती. ती मागत नव्हती, देऊन मोकळी झाली होती. इलियासभाईंना, चावी सापडलेल्या त्या अनोळखी मालकाला आणि घरी नसलेल्या नातेवाईकालाही मी मनातून नमस्कार करतो.

एवढं लिहून मी थांबणार होतो. पण मागच्या आठवड्यात आई व्हॅन धूत असताना तिला फोन आला. वडीगोद्रीजवळच्या गावातल्या एक बाई बोलत होत्या. गुरवकाकांनी त्यांना नंबर दिला होता. त्या शुक्रवारी त्याही सासूबरोबर देवीला आल्या होत्या. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. गुरवकाकांनी देवीच्या पायाजवळची एक ओटी, खण-नारळ, तशीच गुंडाळून त्यांच्या पदरात घातली होती आणि बजावलं होतं, घरात पाळणा हलेपर्यंत गाठ सोडायची नाही. बाईंनी ती देवघरात जशीच्या तशी ठेवली.

"बारशाला काल गाठ सोडली, ताई," त्या म्हणाल्या. "खणात तांदळाबरोबर चावी! सासूबाई म्हणल्या, लेक दिली ती दिली, आता गाडी बी देती का काय देवी!"

आई चिखलाच्या हातानंच तोंडावर पदर धरून हसत होती आणि रडत होती. "लेक झाली?" तिनं दोनदा विचारलं.

"लेक झाली. ताई, ही चावी चालती का हो अजून?"

"चालती," आई म्हणाली. "पुसूच दिली न्हाई मी."