घड्याळाची खुशाली

जर्मनाचं काय करायचं, हा प्रश्न कुंडलच्या मंडळींनी एका दुपारी पानाला चुना लावता लावता निकालात काढला होता. घोळ पडला तो आकारामच्या घड्याळाचा. ते हातावर बांधून समुद्रापलीकडं जावं की घरी ठेवून जावं, यावर जोतीरामाच्या सोप्यात तीन दिवस खल चालला. एकेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती, कामं थोडी होती आणि सल्ला फुकट होता.

आकाराम हा जोतीरामाचा एकुलता एक लेक. मराठा पलटणीत नाईक झाला आणि बाहीवर फीत लागली त्याच दिवशी त्यानं बेळगावात ते घड्याळ घेतलं. काळी तबकडी, अंधारात हिरवे चमकणारे आकडे, पिवळा चामडी पट्टा. गावात शाळेची घंटा आणि रेल्वेची शिट्टी सोडली तर वेळ सांगणारं दुसरं काही नव्हतं, त्यामुळं आकाराम रजेवर आला की त्याच्या मनगटाला त्याच्यापेक्षा जास्त रामराम पडत. आता पलटण परमुलखात निघाली होती आणि तो आठ दिवसांच्या रजेवर निरोप घ्यायला आला होता.

खलाचे मुख्य होते नानासो पेन्शनर. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आले होते आणि त्यांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. बसऱ्याच्या बाजारात चोरानं सोन्याची बाळी कानासकट ओढली, असं ते सांगत. ती पाळी बसऱ्याला फाटली की घरच्या खोंडाच्या शिंगानं, याबद्दल गावात दोन मतं होती. पण त्या तीन दिवसांत कुणी दुसरं मत काढलं नाही. नानासोंचं म्हणणं एकच. परमुलखात माणसानं अंगावर मोलाची वस्तू ठेवू नये. बाळीपायी माझा कान गेला, घड्याळापायी ह्याचा हात जाईल.

जोतीरामाला हे पटत नव्हतं. मोकळ्या हाताचा शिपाई साहेबाला भिकारडा दिसतो, असं त्याचं मत. आकारामची आई बनुबाई हिला घड्याळाचं काही नव्हतं. तिनं औंधच्या यमाईचा अंगारा काळ्या दोऱ्यात बांधून आणला होता, तो दंडाला असला की झालं. शेवटी नानासोंच्या कानानं बाजी मारली. घड्याळ घरी, बोटातली अंगठीही घरी, दोरा आकारामबरोबर.

दाराच्या आत राहीबाई लसूण सोलत हे सगळं ऐकत होती. ती आकारामची बायको. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सगळ्या रजा मिळवून संसार झाला होता पाच महिन्यांचा. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर घड्याळ घरी राहू दे आणि मनगटही घरीच राहू दे, एवढंच ती म्हणाली असती. पण सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही आणि नवऱ्यानं थोरांच्या देखत बायकोकडं बघायचंसुद्धा नाही, अशी त्या घराची रीत. आकाराम तर घरात पाणी मागायचा तेही म्हशीकडं बघून.

निघायच्या दिवशी गोठ्यात दोघांना घटकाभर निवांतपणा मिळाला. त्यानं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि किल्ली कशी द्यायची ते दाखवलं.

"बारा येढं. तेरावा दिऊ नगं, आतली कमान तुटती. रोज सकाळी."

"आन् इसरले तर?"

"मग बंद पडंल."

"इसरत न्हाई," ती म्हणाली. अजून काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात बाहेरून बनुबाईनं हाक मारली आणि सात वर्षांतलं सगळ्यात लांबलेलं बोलणं तिथंच संपलं.

राहीबाईला घड्याळातलं कळत नव्हतं. काटे कुठं आहेत याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं; ते फिरताहेत ना, एवढंच ती बघे. पहाटेचं दळण झालं की हात पुसायचे, ट्रंक उघडायची, बारा वेढे मोजायचे, कानाशी धरायचं, परत ठेवायचं. वेळ सांगायचं काम जोतीरामानं स्वतःकडं घेतलं होतं. पुढं सरकारनं लढाईसाठी सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढं केली, तेव्हा शाळेच्या मास्तरांनी येऊन जोतीरामाला तसं सांगून बघितलं. जोतीराम म्हणाला, ही वेळ माझ्या लेकानं लावलेली आहे, सरकारला घाई असेल तर सरकारनं पुढं जावं. तेव्हापासून त्या एका घरात सरकारच्या मागं एक तास आणि आकारामच्या बरोबर, अशी वेळ चालू झाली. एका लग्नाचा मुहूर्त या घड्याळावर धरला आणि तो तासाभरानं हुकला. त्या जोडप्याला पुढं चार पोरं झाली, तेव्हा मुहूर्ताचं फारसं बिघडलं नसावं.

आकारामचं पहिलं पत्र तीन महिन्यांनी आलं. आता हे पत्र म्हणजे काय प्रकार होता ते बघा. आकारामनं लिहिलेलं ते आधी पलटणीतला साहेब वाचणार आणि गावाचं नाव वगैरे दिसलं की काळं करणार. मग ते कुंडलात येणार. जोतीरामाला अक्षरओळख नाही, म्हणून मास्तर सोप्यात बसून मोठ्यानं वाचणार. ऐकायला नानासो, शेजारपाजार, वाटेनं जाणारा कुणीही. आणि या सगळ्यांच्या पलीकडं, दाराच्या आत, राहीबाई. इतक्या चाळण्यांतून बायकोला पोचेल असं काय लिहिणार नवरा? साष्टांग नमस्कार वडिलांना, मग आईला, मग नानासोंना, चुलत्यांना, मावश्यांना, शेजाऱ्यांना, म्हशीच्या वगारीलाही एक ओळ, आणि शेवटी 'वगैरे सर्व मंडळींस'. राहीबाई या 'वगैरे'त राहायची.

पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती. 'घड्याळ कसे आहे ते कळवणे.'

दुसऱ्या पत्रात ती ओळ वाढली. 'घड्याळास जपणे. उन्हात नेऊ नये. फार काम पडू देऊ नये.' जोतीराम बुचकळ्यात पडला. घड्याळाला टिकटिक करण्यापलीकडं काम ते काय, असं त्यानं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, यंत्राला जपावं लागतं. जोतीरामानं पत्रात उत्तर धाडलं की घड्याळ ट्रंकेत बसून आहे आणि घरात त्याच्याइतका आराम दुसऱ्या कुणाला नाही.

तिसरं पत्र थंडीच्या तोंडावर आलं. मास्तर वाचत होते. 'घड्याळास उबेस ठेवणे. मागे एका थंडीत त्यास महिनाभर खोकल्याचा फार त्रास झाला होता.'

सोप्यात हशा पिकला. नानासो म्हणाले, बॉम्बगोळ्यांच्या आवाजानं भल्याभल्यांचं डोकं सरकतं, पोरगं येईल ठिकाणावर. जोतीरामानं तेल घट्ट झालं असेल असा तर्क केला आणि त्या दिवसापासून घड्याळ आपल्या जुन्या पटक्यात गुंडाळून ठेवायला लावलं.

दाराच्या आत राहीबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. चाळीसच्या थंडीत घड्याळ बेळगावात होतं. खोकला झाला होता तिला. आकाराम तेव्हा चार दिवसांच्या रजेवर आला होता आणि तिच्याशी एक अक्षर न बोलता बोटाएवढी ज्येष्ठमधाची कांडी उतरंडीवर ठेवून गेला होता.

त्या संध्याकाळी उत्तर लिहायला मास्तर बसले तेव्हा तिनं बनुबाईला हळूच सांगितलं, "आत्याबाई, घड्याळाला यंदा थंडीचं काय झालं न्हाई म्हनावं. आन् काम बी जास्त न्हाई." बनुबाईनं ते जसंच्या तसं बाहेर सांगितलं, मास्तरांनी लिहिलं, आणि साहेबानंही त्यात काही काळं केलं नसावं.

मग दीड वर्ष हे असं चाललं. बेचाळीसच्या चळवळीनंतर आमच्या भागात टपालसुद्धा दबकत यायचं, पण यायचं. घड्याळ जेवतं का, घड्याळ माहेरी जाऊन आलं का, असं काही आकाराम लिहीत नव्हता, तेवढा तो शहाणा होता. पण 'घड्याळ आवाज करते का गप्प असते' असं एकदा त्यानं विचारलं, आणि राहीबाईनं बनुबाईकरवी कळवलं की गप्प असतं, पण चालू असतं. त्या पत्राच्या दिवसांत तिला डोक्यावरचा भारा हलका वाटे. सात वर्षांत नवऱ्यानं तिची जेवढी विचारपूस केली नव्हती तेवढी तो सात समुद्रांपलीकडून, साहेबाच्या आणि अख्ख्या सोप्याच्या देखत करत होता.

यावर पाणी ओतलं ते जोतीरामाच्या मायेनं.

पोरगं तिकडं गोळ्यांच्या मारात आहे आणि त्याचा सगळा जीव घड्याळात अडकलाय, हे त्या बापाला बघवेना. चव्वेचाळीसच्या शिमग्याला बाळासो नावाचा त्याच पलटणीतला शिपाई दुखणं बरं करून पुन्हा कामावर, इटलीला, निघाला होता. जोतीरामानं ठरवलं, घड्याळ त्याच्या हातावर बांधून धाडायचं.

राहीबाईनं बनुबाईकरवी नानासोंच्या कानाची आठवण करून दिली. परमुलखात मोलाची वस्तू नेऊ नये, असं नानासोच म्हणाले होते ना? जोतीरामानं नानासोंना बोलावून घेतलं. पण पेन्शनर मंडळींचा अनुभव हवेप्रमाणं फिरतो. नानासो म्हणाले, तो बसरा होता, इटलीचे लोक सभ्य असतात. आणि मी तर तेव्हाच घड्याळ घेऊन जा म्हणत होतो, तुम्हीच कुणी ऐकलं नाही.

बाळासो निघायच्या सकाळी राहीबाईनं ट्रंक उघडली. बारा वेढे दिले. बोटं तिथंच थांबली. तेरावा दिला तर आतली कमान तुटेल, घड्याळ बंद पडेल, आणि बंद घड्याळ कोण धाडतंय? एक वेढा, जोर लावून. बाहेर बाळासो पायताण घालत होता, जोतीराम हाका मारत होता. तिनं अंगठा लावला. मग काढला. जे त्यानं मोडू नको म्हणून सांगितलं होतं ते तिच्यानं मोडवेना. पटक्यासकट तिनं ते बनुबाईच्या हातात दिलं आणि गोठ्यात जाऊन शेणाच्या पाट्या उचलू लागली, गरज नसताना.

रोज सकाळी दळण झालं की हात पुसून ती ट्रंकेपाशी जाई आणि तिथून परत येई. पण त्याहून वाईट गोष्ट तिला चार दिवसांनी सुचली. घड्याळ आकारामच्या हातात पडेल, बाळासो परगावचा, घरातलं त्याला काय ठाऊक, आणि बरोबर ना चिठ्ठी ना निरोप. तो काय समजेल? ज्याची खुशाली इतके दिवस विचारली ते घरानं परत का पाठवलं, म्हणून काय काय त्याच्या मनात येईल? पलटणीत मेलेल्या शिपायाच्या वस्तू अशाच गुंडाळून घरी येतात, हे तिनं ऐकलं होतं; घरून गेलेल्या घड्याळाचा त्यानंही तसाच अर्थ लावला तर? आणि हे सासऱ्याला सांगायचं कसं? आजवर बोललं नाही ते एकदम कुठून सुरू करायचं?

सहा महिने पत्र आलं नाही. त्यात पावसाळ्यात तिला हिवताप आला आणि ती निम्मी झाली.

भाद्रपदात पत्र आलं. सोप्यात नेहमीची मंडळी जमली. मास्तरांनी पाकीट फोडलं आणि घसा खाकरला. साष्टांग नमस्कार एकट्या वडिलांना होता. मावश्या नव्हत्या, वगार नव्हती, 'वगैरे' नव्हतं.

'घड्याळ पोचले. ते मी मागितले नव्हते. घरात काय झाले आहे ते खरे लिहिणे. काही वाईट असेल तर लपवू नये. अन्न गोड लागत नाही.'

मास्तरांनी कागद उलटून बघितला. मागं काही नव्हतं. जोतीराम कागदाकडं बघत राहिला, जणू आता त्याला वाचता येणार होतं. मग त्यानं आधीची पत्रं आणायला सांगितली. मास्तरांना त्यातल्या घड्याळाच्या तेवढ्या ओळी वाचायला लावल्या. जपणे. उन्हात नेऊ नये. खोकल्याचा त्रास. गप्प असते का. मास्तर वाचत गेले तसा त्यांचाही आवाज खाली आला.

जोतीरामानं पटका काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला.

"मास्तर, कागद घ्या," तो म्हणाला. "लिवा. राहीबाई बरी हाय."

त्या घरात त्या दिवसापर्यंत सुनेचं नाव सासऱ्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"घड्याळ म्या धाडलं. म्हाताऱ्याला अक्कल न्हाई म्हनून धाडलं. राहीबाईचं काय वाईट न्हाई. ताप आला हुता, त्यानं जरा वाळलीया."

"वाळलीया नगा लिवू," दाराआडून आवाज आला.

बनुबाईनं आ वासला. जोतीरामानं दाराकडं मान वळवली नाही. समोरच्या खांबाकडं बघत तो म्हणाला, "खोडा, मास्तर. वाळलीया खोडा." मग खांबालाच त्यानं विचारलं, "अजून काय लिवायचं आसंल तर सांगावं. मास्तरांस्नी घाई न्हाई."

मास्तरांना खरं तर घाई होती, पण ते टाक शाईत बुडवून थांबले. बाहेर बैलगाडी गेली. आत बांगड्या हलल्या. तीन वर्षांचं बोलणं होतं, आणि मध्ये मास्तर, नानासो, साहेब.

"जेवा म्हनावं," राहीबाई म्हणाली.

मास्तरांनी ते तसंच लिहिलं. कागदाची घडी झाली, पत्ता झाला, मंडळी उठली.

पत्र पोचायला दोन महिने लागायचे. म्हणजे अजून दोन महिने तो जेवणार नाही, असा राहीबाईनं सरळ अर्थ लावला, आणि त्या दिवशी तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.