मेणातले बारा तुकडे

आमच्या ह्यांची बायोप्सी झाली तेव्हा प्रोस्टेटमधून सुईने बारा तुकडे काढले होते. शेवईच्या तुकड्याएवढे बारीक, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. रिपोर्टात कॅन्सर निघाला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला. पण काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तर पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, आकडा उतरायच्या ऐवजी वर गेलेला. डॉक्टर म्हणाले, सुई नेमकी गाठीला चुकली असेल, असं होतं कधीकधी. बायोप्सी परत करावी लागेल.

पहिल्या वेळी ह्यांना दोन दिवस थंडी वाजून ताप आला होता, लघवीतून रक्त गेलं होतं. हे साकीनाक्याच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवतात. बोट चेपलं तरी फडकं गुंडाळून पाळी पूर्ण करतात. पण त्या दिवशी डॉक्टरांसमोर ह्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "परत सुई? माका जमाचा नाय."

डॉक्टरांनी समजावलं, थोडे चिडलेही. गाठ असली आणि आपण बघितलीच नाही तर ती वाढत बसेल, म्हणाले. हे हलले नाहीत.

मी बाजूच्या खुर्चीत होते. अशा ठिकाणी मी बोलत नाही. ह्यांना सारखं जावं लागतं, बाथरूममधून लवकर बाहेर येत नाहीत, हे वर्षभर आधीच माझ्या लक्षात आलं होतं. त्या जागेचं बोलायचं कसं, म्हणून मी गप्प बसले. ते नंतर मला फार लागलं होतं.

मी घरी शर्टांचं शिवणकाम घेते. कापलेला तुकडा गेला कुठे हे माझ्या डोक्यात आपोआप येतं, कारण कॉलर चुकली तर नवी त्यातूनच निघते. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ते पहिले बारा तुकडे टाकून दिले का?"

"नाही. मेणात ठेवलेले असतात. का?"

"मग त्यांच्यातूनच आणखी काही कळत नाही का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तशी एक तपासणी आहे म्हणाले, फार कोणी करत नाही. मग त्यांनी समजेल असं सांगितलं. पेशींनी बेफाम वाढू नये म्हणून त्यांच्यात काही जीन असतात. कॅन्सरमध्ये कधीकधी ती मोडलेली नसतात, नुसती बंद पडलेली असतात. त्यांच्यावर एक बारीक रसायन चिकटतं आणि पेशीला ती वाचता येत नाहीत. हा बदल गाठीच्या आजूबाजूच्या, दिसायला चांगल्या असलेल्या पेशींतही सापडतो. म्हणजे सुई गाठीला चुकली असली तरी शेजारच्या तुकड्यात खूण मिळू शकते.

"चाळीसारखंच म्हणा की," हे म्हणाले. "शेजाऱ्याक सगळा ठावक." डॉक्टर हसले. जीन बंद सापडली तर मात्र सुई टाळायची नाही, असं त्यांनी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

मेणाचे ते ठोकळे, त्यांना ब्लॉक म्हणतात, आपणच नेऊन द्यायचे असतात. हे कामावर गेले होते, म्हणून घाटकोपरच्या लॅबमधून मी एकटीने घेतले. ही तपासणी करणाऱ्या अंधेरीच्या लॅबमध्ये पोचवायचे होते. देणारा म्हणाला, जपून न्या, हरवले तर दुसरे नाहीत. ते ऐकून मी ठोकळ्यांचं पाकीट पिशवीत घातलं आणि पिशवी छातीशी धरली. ठोकळे हरवले तर ह्यांना परत सुई, आणि हे तर सुई घेणार नाहीत.

मेट्रोच्या दारात पिशवी मशीनमध्ये टाकायला सांगितली. मशीनमधून किरण निघतात. किरणांनी तुकडे खराब झाले तर? तिथल्या पोलीस बाईंना सांगायचं तर प्रोस्टेट म्हणावं लागलं असतं, मागे रांग होती. मी निमूट बाहेर आले आणि बस पकडली. मे महिना, बस साकीनाक्याला अर्धा तास अडकलेली, खिडकीचा पत्रा चटका देत होता. आता मेण वितळेल असं मनात आलं. उतरून थंड पाण्याची बाटली घेतली, पाकिटाला टेकवून वर रुमाल गुंडाळला आणि मागच्या बसने पुढे गेले.

अंधेरीच्या काउंटरवर पाकीट काढलं तर ते ओलंचिंब. वरच्या कागदावरची शाई पसरून निळा डाग झाला होता.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, बुडवून आणलंत की काय? कशाचे तुकडे आहेत?"

मागे तीन-चार पुरुष उभे होते. मी म्हटलं, "प्रोस्टेटचे. आमच्या ह्यांचे." आणि मशीनचं, मेणाचं सगळं एका दमात सांगितलं. कोणी हसलं नाही. तिने पाकीट फोडून ठोकळे पुसले. प्रत्येकाच्या प्लास्टिकच्या चौकटीवर नंबर होता, तो पाण्याने जात नाही. तिने सगळे नंबर माझ्या पर्समधल्या लॅबच्या चिठ्ठीशी जुळवून दाखवले. म्हणाली, बसच्या उकाड्याने हे मेण वितळत नाही, आणि लोक विमानातून आणतात, तिथेही मशीन असतंच. पुढच्या वेळी मेट्रोने या.

पुढची वेळ नको गं बाई, एवढंच मी मनात म्हटलं.

रिपोर्ट यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत हे घरात उगाच कपाटाचे स्क्रू आवळत बसायचे, आणि मी दोन शर्टांच्या बाह्या उलट्या लावल्या.

रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, ज्या जीनांची तपासणी केली त्यांतलं एकही बंद सापडलं नाही. शंभर टक्के हमी कोणतीच तपासणी देत नाही, सहा महिन्यांनी रक्त तपासायचंच. आकडा बहुधा प्रोस्टेटची ग्रंथी वयाने वाढल्यामुळे असावा, त्याला गोळी देतो. आत्ता सुई नको.

हे उठले. बाहेर येऊन बाकावर बसले आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. बाकावर आणखी माणसं होती.

"काय म्हणालो डॉक्टर? माझा लक्षच नव्हता," हे म्हणाले.

मी सगळं सांगितलं. जीन उघडी आहेत, सुई नाही, एक गोळी, सहा महिन्यांनी रक्त. लघवीचं काही वाटलं तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही, हे मी माझ्या पदरचं घातलं. शेजारचे आजोबा कान देऊन ऐकत होते, तरी मी आवाज कमी केला नाही.

"सुई नाय?"

"नाही."

"परत सांग बघू."

मी परत पहिल्यापासून सांगितलं.