आतली खुंटी

बापू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बोलत होतो. यात नवल काहीच नाही; मी जागा असेन तर बहुतेक बोलतच असतो. आष्ट्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात चहा पुढ्यात घेऊन मी चौघांना कसलंसं शहाणपण शिकवत होतो, आणि सांगलीहून आलेल्या गाडीचा कंडक्टर माझ्या शेजारी कधी येऊन उभा राहिला ते मला कळलंही नाही. माझं वाक्य संपायची त्यानं वाट पाहिली. ते काही संपेना, तेव्हा त्यानं टेबलावर बोटानं दोनदा टकटक केलं... आणि मी वाक्य तिथंच सोडलं. दवाखान्यातून बापूच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, त्याच्याकरवी निरोप धाडला होता. तो त्यानं नंतर सांगितला. मला तो टकटकीतच कळला होता.

बापू माझा शाळासोबती. मी चित्रकलेचा मास्तर झालो आणि तो फौजेत, पूल बांधणाऱ्या पलटणीत गेला. एकाहत्तरच्या लढाईनंतर थोड्याच दिवसांत तो पेन्शनीवर घरी आला. बरोबर एक काळी ट्रंक होती आणि ट्रंकेच्या तळाशी एक आंतर्देशीय पत्र. पत्राच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काढलेलं बाहुलीचं घर होतं. चित्र माझ्या सातवीच्या मुलांनीही बरं काढलं असतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते चित्र ज्यानं काढलं तो हयात नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तो शिराळ्याकडचा यशवंता. पलटणीत दोघांची जोडी. पुलाचे लोखंडी तुकडे अंधारात जोडायचे आणि शत्रूला चाहूल लागू नये म्हणून जोडताना तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी तिथली शिस्त. म्हणून या दोघांनी आपसात एक खूण ठरवली होती. आपल्या टोकाची पिन बसली की लोखंडावर दोनदा टकटक करायची. पलीकडून दोनदा उत्तर आलं की पुढच्या पिनेला हात घालायचा. रिकामपणी दोघं मिळून ते बाहुलीघर आखायचे. यशवंताची धाकटी लेक शालन हट्ट धरून बसली होती. घर ट्रंकेत कपड्यांखाली चपटं बसलं पाहिजे आणि वाडीत गेल्यावर नुसत्या हातानं उभं राहिलं पाहिजे. "आमच्याकडं ना पेचकस, ना पाना. पोरीला एकटीला लावाय आलं पायजे," असं तो म्हणायचा. मग लढाईत एका नदीवर, पूल निम्मा झालेला असताना, बापूनं दोनदा वाजवलं आणि उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा वाजवलं. हाक मारायची नव्हती, म्हणून मारली नाही. उजाडल्यावर पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं. यशवंता पुढे कधी सापडलाच नाही.

बापूनं हे मला एकदाच सांगितलं, तेही पाठमोरं बसून. त्यानंतर घराच्या मागच्या पडवीत त्यानं फळ्यांचं एक टेबल उभं केलं आणि कामाला लागला. बारीक सागवानी पाट्या, त्यांना खाचा, कोपऱ्यांना लाकडी खुंट्या, आणि घडी पडायला भिंतींच्या मध्ये जाड कॅनव्हासच्या पट्ट्या. खिळा नाही, स्क्रू नाही. छपराची दोन पाखं वरून नुसती सरकवायची. दिसायला देखणं काम. पण चौथा कोपरा काही केल्या धरेना. तीन भिंती ताठ उभ्या राहायच्या आणि चौथी लचकायची. असं लचकणारं घर तो शिराळ्याला न्यायला तयार नव्हता. "त्याच्या पोरीच्या हातात मोडलं तर?" म्हणायचा. दोन-तीन वर्षांत त्यानं सात घरं केली आणि सातही आळीतल्या पोरींना वाटून टाकली. माझ्या लेकीकडे पाचवं आहे. अजून लचकतं.

जोडताना मात्र त्याच्याजवळ बसवत नसे. बोलायची बंदी! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या आष्ट्याला माहीत. पण तिथं मी तोंड उघडलं की तो नुसता हात वर करायचा. एकेक खुंटी बसवायचा, नखानं टेबलावर दोनदा टकटक करायचा आणि मान किंचित कलती करून थांबायचा. पाच-दहा मिनिटंसुद्धा थांबायचा. भरदुपारी, बाहेर कोंबड्या ओरडत असताना, त्या पडवीत असं वाटायचं की कुणीतरी उत्तर देणार आहे आणि आपण मधे बसलोय. भीती वाटली की मला चेष्टा सुचते. "काय गड्या, आलं का उत्तर?" मी विचारायचो. तो म्हणायचा, "अजून न्हाई."

असाच एक दिवस. आठवं घर होतं. तीन कोपरे झाले, चौथ्याला खुंटी लावली, त्यानं दोनदा वाजवलं आणि मान कलती करून बसला. मी समोर स्टुलावर, गुडघे टेबलाखाली. काय अवदसा आठवली कोण जाणे... मी हळूच हात खाली नेला आणि बोटाच्या सांध्यानं फळीला खालून दोनदा टकटक केलं.

बापूचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. त्यानं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच चौथ्या कोपऱ्याची खुंटी काढली, घराच्या दारातून हात आत घातला आणि तीच खुंटी आतल्या बाजूनं बसवली. भिंत ताठ झाली. त्यानं घर उचलून हलवलं, उलटं केलं. ते तसूभर लचकलं नाही. "मी सगळं भाईरनंच करत होतो रं," तो म्हणाला आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. मी एवढा बडबड्या, पण मला सांगायचं धाडस झालं नाही. आवाज टेबलाखालून आला, घराच्या पोटातून आल्यासारखा वाटला, म्हणून याला युक्ती सुचली, असा हिशेब मी मनाशी मांडला. खोटेपणाला निदान फळ तरी चांगलं आलं, अशी समजूत घातली आणि गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात आम्ही ट्रंक घेऊन शिराळ्याच्या एस्टीत बसलो. नागपंचमी होऊन गेली होती. वाडीतल्या दारांवर काढलेले नाग फिकट झाले होते, आणि मी सवयीनं त्यांच्या रेघांना नावं ठेवत चाललो होतो. बापू ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे चालला होता. यशवंताची बायको हौसाबाई दारातच उभी होती. बापूनं ट्रंक खाली ठेवली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "वैनी, त्या दिवशी मी हाक मारली न्हाई. मारली असती तर..." 

हौसाबाई दारातून बाजूला सरकल्या. मग म्हणाल्या, "आवं भावजी, हाक मारली असती तर तुमी तरी ऱ्हायला असता का? आत या. पोर कवाधरनं वाट बघतीया."

आम्ही येणार हे आम्ही कळवलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं ते परतीच्या गाडीत.

शालन आठेक वर्षांची, बापाच्या वळणाची असावी. तिनं ट्रंक उघडली आणि पाट्या बाहेर काढल्या. मी सांगायला तोंड उघडणार तोच बापूनं हात वर केला. पोरीनं कुणालाही काही विचारलं नाही. कॅनव्हासची घडी उलगडली, एक भिंत, दुसरी, तिसरी... आणि चौथ्या कोपऱ्याशी आल्यावर तिनं दारातून हात आत घातला आणि खुंटी आतून बसवली. मग तिनं नखानं जमिनीवर दोनदा टकटक केलं आणि मान कलती केली.

 बापूनं भिंतीला टेकून, चौकटीवर बोटानं दोनदा वाजवलं. पोरगी हसली आणि तिनं छप्पर चढवलं. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "तिचा बाप रजेवर आला की असंच," त्या म्हणाल्या. "पोरीला जेवाय हाक मारायचा न्हाई. पाटावर दोनदा वाजवायचा." टकटकीचा उलगडा झाला. खुंटीचं काय, असं मी गाडीत बापूला विचारलं. "ल्हान हात हाय, गेला आत," एवढंच तो म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. वर्षातून दोनदा तो शिराळ्याला जायचा, शालनला वह्या-पुस्तकं द्यायचा. सुमनवहिनी म्हणायच्या, आता कुठं हे घरी आले.

जाण्याच्या चार दिवस आधी मी त्याला सांगलीच्या दवाखान्यात भेटलो. छातीच्या दुखण्यानं त्याला पार पोखरलं होतं. मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेली ती एकच गोष्ट मी बोलून टाकली. "बापू, त्या दिवशी टेबलाखालनं मी वाजवलं होतं."

तो हसला, हसता हसता खोकला. "ठावं हाय रं मला. तुझा हात खाली जाताना दिसला हुता की." मी मान खाली घातली. तेव्हा त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "पर सदा, तू किती येळा वाजवलंस?"

"दोनदा."

"व्हय. मी चार ऐकल्या. तुझ्या दोन खालनं... आनि मागनं दोन घराच्या आतनं."

 

तेराव्याला शालन आली होती. बापूच्या फोटोसमोरच्या पाटावर तिनं दोनदा वाजवलं, जरा थांबली, आणि पान वाढायला आत गेली. सुमनवहिनींनी मला ती काळी ट्रंक दिली. "मास्तरला द्या म्हणून सांगितलंय," म्हणाल्या. ट्रंकेत पेन्सिलीचं चित्र असलेलं ते पत्र आहे, आणि बापूनं शेवटच्या वर्षात केलेलं नववं घर. शाळेतून आलो की मी ते माझ्या टेबलावर मांडतो. तीन खुंट्या बाहेरून, चौथी आतून. मग नखानं दोनदा टकटक करतो आणि थांबतो. अजून काही आलेलं नाही. स्टँडवरच्या हॉटेलात आताशा मी फारसा बसत नाही, आणि घरची मंडळी काळजीत आहेत की मास्तर हल्ली इतके गप्प का. खरं कारण त्यांना कसं सांगू? मी बोलत असेन, आणि नेमकं तेव्हाच ते वाजून गेलं तर...