अनंताचा सरकता शेरा

अफीफाची आणि अनंताची पहिली भेट झाली तेव्हा अनंता जागेवर नव्हता. त्याचा शेरा होता. अब्बांच्या कापडाच्या गोडाऊनचा कारभार हाती घेतला त्या सकाळी तिने लॅपटॉपवर मालाची शीट उघडली, आणि पहिल्याच ओळीतल्या ‘शेरा’ नावाच्या रकान्याने तिला असं काही कवेत घेतलं, की दुसरी ओळ दिसेपर्यंत बाहेर कशेळीच्या रस्त्यावरचं ट्रॅफिक सुटलं, पुन्हा तुंबलं, आणि तिच्या चहावर जाड साय धरली. माऊसचं चाक जरा जास्त फिरलं की शेरा अर्ध्यात तुटून ती थेट पुढच्या ट्रकवर जाऊन आदळायची. परत वर यावं, तर कुणा लूममालकाच्या सासूबाईंचा गुडघा चालू असायचा.

“हे कोणी लिहिलंय?” तिने विचारलं.

“मी!” दारातून एक बुटका, टापटीप माणूस धावत आला. “पूर्ण वाचलंत, मॅडम?”

आवाजात एवढी आशा होती, की अफीफाने मान डोलावली. तिथेच ती फसली.

अनंता सोनावळेचं काम साधं होतं. कामतघरच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर जायचं, कापडाचे तागे बघायचे आणि माल घ्यावा की परत करावा ते शीटमध्ये लिहायचं. सकाळी शीटचा प्रिंट गेटवर जायचा आणि तो बघून तिथला रघू ट्रक उतरवायचा किंवा वळवायचा. पण अनंताची एक रीत होती. कुणाच्या मालाला तो एकदम नाव ठेवत नसे. आधी कापडाची तारीफ, मग मालकाच्या स्वभावाची, मग घरच्यांची ख्यालीखुशाली, आणि अगदी शेवटी, चप्पल बाहेर काढून आत आल्यासारखा, दोष.

“त्यांनी चहा पाजलेला असतो, मॅडम,” तो म्हणे. “पहिल्याच ओळीत ‘डाग आहेत’ लिहायचं म्हणजे कप उपडा करून उठल्यासारखं वाटतं.”

परिणामी गेटवर रघू पानांचा गठ्ठा चाळत शेवटचं वाक्य शोधत बसायचा आणि ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून त्याच्या खानदानाचा उद्धार करायचे. एक दिवस अफीफाचे अब्बा, मोहिउद्दीन शेठ, स्वतःच त्या रांगेत अडकले. तसेच तणतणत ऑफिसात आले.

“अफीफा, उद्यापासून शीट एका पानात बसली पाहिजे! नाहीतर या शायरला गेटवर बसवतो. उन्हात लिही म्हणावं, कितना लिखता है बघू!”

“शेठ, मी आखडतं घेतो,” अनंता म्हणाला. त्याने खरोखर प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत सासूबाई काढल्या, गुडघा राहिला.

त्याचा उतरलेला चेहरा अफीफाला बघवेना. हल्ली ती ते शेरे चोरून चवीने वाचत असे. उपाय शोधता शोधता तिला कळलं, की एक्सेलमध्ये डेव्हलपर नावाचा एक टॅब दडवून ठेवलेला असतो. तो तिने बाहेर काढला, प्रत्येक ट्रकसमोर मजकुराची एकेक चौकट आखली, तिच्या गुणधर्मांत जाऊन अनेक ओळी चालतील असं ठरवलं आणि उभी सरकपट्टी, म्हणजे स्क्रोलबार लावली. चौकट दोन ओळींची, पोट मात्र अथांग. आत क्लिक केलं की सरकपट्टी उगवायची आणि शेरा खालून वर यायचा.

अनंता ती पट्टी खालीवर करत राहिला. “मॅडम, हे म्हणजे बाहेरून खोली आणि आत सगळी चाळ!”

शेठनी शीट पाहिली. अख्खी एका पानात. “शाब्बास, बेटा,” ते म्हणाले. अनंताकडे बघून हसलेसुद्धा. प्रिंट गेटवर गेला.

दुपारी अफीफा खाली गेली तेव्हा ट्रक रिकामा होऊन निघून गेला होता आणि गोडाऊनमध्ये तेलाच्या डागांनी नक्षीदार झालेले तागे छताला टेकले होते.

“रघू! हा माल का घेतला?”

“कागदावर हाय ना, मॅडम.” रघूने प्रिंट पुढे केला. चौकटीत छापलं होतं : ‘माल नजरेत भरणारा. वीण घट्ट, मालक दिलदार.’

“अरे, पुढे ‘पण तेलाचे डाग आहेत, उतरवू नये’ असं आहे!”

“कुठं? तुम्ही वर हापिसात चाकावर बोट फिरवत व्हता तसं म्या बी कागदावर फिरवलं. सरकलं न्हाय. कागद फाटला.”

शेठ आले. ताग्यांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग अनंताकडे.

“शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, शेठ,” अनंता पुटपुटला.

“अब्बा, चूक माझी आहे. चौकट मी केली.”

“चौकट तू केलीस. डाग सोडून दिलदारी आधी कुणी लिहिली?”

अनंताने लूममालकाला फोन लावला, त्याच्या मुलीच्या निकालाची चौकशी केली, पेढ्यांचं आमंत्रण स्वीकारलं आणि डागांचं न बोलताच फोन ठेवला.

सोमवारपासून अनंता गेटवर बसतो. शीटमध्ये आता शेऱ्याचा रकाना नाही.